नऊ छोटी घरं आणि एक सामाईक घर: चाकं सोडून पायावर आलेल्या वस्तीचं प्रकरण

पार्श्वभूमी

बारा कुटुंबांनी मिळून एक जागा घ्यायची आणि तिच्यावर प्रत्येकानं स्वतःचं छोटं घर उभं करायचं, असं ठरलं होतं. जागा पाऊण एकर, म्हणजे साधारण ३,००० चौरस मीटर. ती तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यानं मिळाली. जमीन चिकणमातीची, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जेमतेम एक मीटर उतरणारी. खालच्या टोकाला रस्ता आणि सार्वजनिक गटार. सगळ्यांची गरज सारखीच होती: मोठ्या घराचा हप्ता परवडत नाही, भाड्याच्या घरात कायमचं राहायचं नाही आणि शेजार मात्र हवा.

माणसांची आणि ठिकाणाची नावं इथे दिलेली नाहीत. प्रकरण लिहिण्याजोगं आहे ते त्यातल्या निर्णयांच्या क्रमामुळे. बरोबर निर्णय चुकीच्या वेळी घेतला की तोही महाग पडतो, हे इथे तीनदा दिसतं.

पहिला आराखडा साधा होता. १२ घरं, सगळी चाकांवर. प्रत्येक ट्रेलर अडीच मीटर रुंद आणि सात मीटर लांब. झोपायला पोटमाळा, शौचाला भुसा टाकायची कोरडी बैठक, पाण्यासाठी २०० लिटरची टाकी. चाकांचं आकर्षण दोन गोष्टींमुळे होतं. एक, इमारतीची परवानगी लागणार नाही असा समज. दोन, भाडेपट्टा संपला किंवा पटलं नाही तर घर घेऊन निघता येईल हा दिलासा. दुसरं कारण खोटं नव्हतं. पहिलं अर्धंच खरं होतं.

अडचण कुठे आली

नियोजन विभागाचं उत्तर दोन ओळींचं होतं: चाकांवरचं घर हे वाहन आहे, त्यात कायमचं राहता येणार नाही, आणि बारा वाहनं एका जागी लावून लोक राहत असतील तर तो वाहनतळ ठरेल, त्याचे नियम वेगळे. म्हणजे इमारतीची परवानगी लागत नव्हती, पण राहण्याचीही मिळत नव्हती. कर्जाचं तेच झालं. चाकांवरचं घर स्थावर मालमत्ता नाही, म्हणून ते तारण ठेवून गृहकर्ज मिळेना. मिळत होतं ते वाहनकर्ज, कमी मुदतीचं आणि चढ्या व्याजाचं. विमा कंपन्या घर उभं असतानाचा विमा द्यायला तयार होत्या, तर ते रस्त्यावरून नेतानाचा द्यायला नाहीत, किंवा याच्या उलट.

तोपर्यंत तीन ट्रेलर विकत घेतले होते आणि एकावर घर बांधूनही झालं होतं. ही पहिली चूक. परवानगीचा प्रश्न लेखी विचारायला एक पत्र पुरलं असतं. ते पत्र गेलं आठव्या महिन्यात.

पहिल्या घरानं काय दाखवलं

बांधून झालेलं घर गटाच्या आवारात आणण्याआधी वजनकाट्यावर नेलं. ट्रेलरच्या दोन आसांची मिळून क्षमता ३,५०० किलो. काटा ४,१२० वर थांबला. ६२० किलो जास्त कुठून आले याचा हिशोब मांडला तेव्हा मोठे आकडे दोनच निघाले. आतल्या भिंतींना आणि छताला ९ मिलिमीटरच्या ऐवजी १८ मिलिमीटरचं प्लायवुड लावलं होतं. प्लायवुडचं वजन घनमीटरला साधारण ६०० किलो धरलं, तर ९ मिलिमीटर जादा जाडीचे दर चौरस मीटरला ५.४ किलो होतात, आणि ६० चौरस मीटरला ३२४ किलो. दुसरा आकडा भरलेल्या टाकीचा, २०० किलो. उरलेलं दुहेरी काचांचं आणि न्हाणीतल्या फरश्यांचं. शिवाय टाकी मागच्या टोकाला होती, त्यामुळे ओढणाऱ्या गाडीला जोडायच्या हुकावर पडणारा भार फारच कमी झाला होता. तो भार एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. त्याहून कमी झाला की वेगात ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो. टाकी रिकामी करून, फरश्या काढून, रात्री हळू ओढत ते घर कसंबसं जागेवर आणलं.

वजनापेक्षा मोठा धडा ओलीनं दिला. त्या घरात एक जोडपं थंडीच्या सुरुवातीला राहायला गेलं. पाचव्या आठवड्यात त्यांनी पोटमाळ्यावरची गादी उचलली. खाली प्लायवुडवर राखाडी-काळा डाग पसरला होता, नकाशातल्या किनाऱ्यासारख्या कडा असलेला. गादी जिथे शेवटच्या भिंतीला टेकत होती तिथे तो सगळ्यात दाट होता. बोट फिरवलं की ओलसर लागत होतं. छताच्या आतल्या बाजूला डोकावणाऱ्या स्क्रूंच्या प्रत्येक टोकावर पाण्याचा एकेक थेंब लटकलेला.

छत गळतंय असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. सांध्यांमध्ये सिलिकॉन भरण्यात तीन आठवडे गेले. ओल वाढली, कारण वारा आत यायच्या ज्या चार फटी होत्या त्याही बुजल्या. गळती आणि बाष्प यांतला फरक ओळखायची सोपी खूण आहे: गळतीचं पाणी पावसाच्या पाठोपाठ येतं, बाष्पाचं पाणी निरभ्र थंड रात्रीनंतर सकाळी दिसतं. तारखा लिहून काढल्यावर कळलं की सगळ्यात ओल्या सकाळी पावसाच्या नव्हत्याच.

हिशोब असा. घराच्या आतलं माप २.२ गुणिले ६.६ मीटर, म्हणजे साडेचौदा चौरस मीटर. सरासरी उंची तीन मीटर धरली तर हवा ४४ घनमीटर. २० अंश सेल्सियसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७.३ ग्रॅम बाष्प मावतं. हवा आधीच ६० टक्के दमट असेल तर जागा उरते घनमीटरला ६.९ ग्रॅम, म्हणजे सगळ्या घरात मिळून ३०० ग्रॅमच्या आसपास. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला ४० ते ५० ग्रॅम पाणी सोडतो. दोन माणसं, तासाला ९० ग्रॅम. खिडक्या बंद असतील तर साडेतीन तासांत हवा काठोकाठ भरते. १०० चौरस मीटरच्या घरात हीच दोन माणसं रात्रभर झोपली तरी तिथली हवा भरत नाही. आणि काठोकाठ भरायचीही गरज नसते. २० अंशाच्या ६० टक्के दमट हवेचा दवबिंदू १२ अंश आहे; ज्या ज्या पृष्ठभागाचं तापमान त्याखाली जाईल तिथे पाणी बसणारच. या घरात लोखंडी चौकट उष्णतारोधक थराच्या आरपार गेली होती. चौकटीजवळची भिंत पहाटे १० अंशावर मोजली गेली.

त्यात भर गॅसच्या हीटरची. धुराडं नसलेला हीटर एक किलो प्रोपेन जाळतो तेव्हा हवेत १.६ किलो पाणी सोडतो. रात्रीत ३०० ग्रॅम गॅस म्हणजे जवळपास अर्धा लिटर पाणी आपणच घरात ओतलेलं. कार्बन मोनॉक्साइडचा धोका तर वेगळाच. इतक्या लहान खोलीत धुराड्याशिवायची ज्योत ठेवूच नये, ठेवली तर अलार्मशिवाय एक रात्रही नाही. हा मुद्दा आम्हाला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण बुरशी पुसता येते.

समोरचे पर्याय

चौदाव्या महिन्यात गट थांबला. तीन कुटुंबांना फिरतं घरच हवं होतं. ती बाहेर पडली. राहिली नऊ कुटुंबं आणि १४ माणसं: पाच एकटी, तीन जोडपी, एक आई आणि तिची दोन मुलं. दोघांचं वय ६५ च्या पुढे.

चाकांचाच आग्रह धरून दुसरी जागा शोधणं हा एक मार्ग होता. दुसरा, याच जागेवर पाया घालून छोटी पक्की घरं आणि एक सामाईक घर. तिसरा, नऊ लहान सदनिकांची एकच इमारत.

आकड्यांत तिसरा पर्याय सरळ जिंकत होता, आणि हे छोट्या घरांच्या चाहत्यांनी मान्य करायला हवं. पाच गुणिले सहा मीटरचं, तीन मीटर उंचीचं सुटं घर घ्या. जमीन ३०, छत ३०, भिंती ६६, मिळून १२६ चौरस मीटर कवच. म्हणजे राहण्याच्या प्रत्येक चौरस मीटरमागे ४.२ चौरस मीटर. दहा गुणिले बारा मीटरच्या घराचं हेच प्रमाण ३.१ येतं. घर लहान झालं की दर चौरस मीटरमागे भिंत, छत आणि त्यांतून जाणारी उष्णता सगळंच वाढतं. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर हे घरातले सगळ्यात महाग कोपरे, ते तर लहान होत नाहीतच. छोटं घर एकूण स्वस्त असतं. चौरस मीटरच्या भावानं ते नेहमी महागच पडतं.

तरी इमारतीचा पर्याय दोन कारणांनी मागे पडला. भाडेपट्ट्यात दुमजली बांधकामाला मनाई होती, आणि इमारत एकदम पूर्ण करावी लागते. या गटाकडे पैसा टप्प्याटप्प्यानं येणार होता.

दुसऱ्या पर्यायासाठी गटानं आधी झालेली कामं नीट पाहिली. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या लँगली गावानं १९९५ मध्ये छोट्या घरांच्या समूहासाठी वेगळा नियम केला. त्याखाली १९९८ मध्ये तिथे आठ घरांचा एक समूह उभा राहिला, एकराच्या दोन-तृतीयांश जागेत: घरं मधल्या सामाईक बागेकडे तोंड करून, गाड्या एका कडेला. त्याच राज्यातल्या ऑलिंपिया शहरात २०१३ मध्ये बेघरांसाठी उभं राहिलेलं क्विक्सोट व्हिलेज दुसऱ्या टोकाचं आहे: साधारण साडेतेरा चौरस मीटरची ३० घरं, प्रत्येकात शौचालय, पण आंघोळ, स्वयंपाक आणि कपडे धुणं सामाईक इमारतीत. या दोन उदाहरणांच्या मधोमध कुठेतरी आपल्याला थांबायचं आहे, हे गटाला त्यातून उमगलं.

निर्णय कुठे फिरला

चर्चा चाकांवर अडली होती. सुटली ती जिन्यामुळे. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय निवासी संहितेत ३७ चौरस मीटरपर्यंतच्या घरांसाठी एक परिशिष्ट आहे. त्यात पोटमाळ्याला शिडी चालते, ७० ते ८० अंशांच्या चढाची. गटानं ते वाचून समाधान मानलं होतं. मग पहिल्या घराच्या शिडीवरून ६५ च्या पुढच्या दोघांनी रात्री न्हाणीघरात जाऊन येऊन पाहिलं. एकाला उतरताना पायरी सापडेना. दुसरी व्यक्ती वर गेली, पण खाली यायला मदत लागली. शिडी नियमात बसत होती, पण रोज रात्री दोनदा ती उतरता येईल असं त्या दोघांना वाटेना. त्या आठवड्यात ठराव झाला: सगळ्या घरांत पलंग जमिनीवरच्या मजल्यावर. पलंग खाली आला की अडीच मीटर रुंदीत बाकी काही मावत नाही. म्हणजे रुंदी वाढणार. रुंदी वाढली की घर रस्त्यावरून नेता येत नाही. चाकं अशी गेली.

कोरड्या शौचालयाचा प्रश्न एका गुणाकारानं मिटला. माणूस दिवसाला साधारण दीड लिटर मूत्र टाकतो. १४ माणसांचं २१ लिटर, रोज. ते वेगळं साठवून, पातळ करून, कुठेतरी जिरवायला लागणारी माणसं आणि जमीन गटाकडे नव्हती. गटार रस्त्यालगतच होतं.

यानंतर गटानं एक गोष्ट मान्य केली आणि पुढचा सगळा आराखडा तिच्यावर बांधला: घरातून काढलेली प्रत्येक गोष्ट आवारात कुठेतरी ठेवावीच लागते. कपडे धुणं, वाळवणं, पाहुणा, सायकल, हातोडी-करवत, मोठं जेवण, आजारपणातली मोठी न्हाणी. ज्या गोष्टीला आवारात जागा नाही ती पुन्हा घरात शिरते.

काय आणि किती लागेल हे अंदाजानं ठरवलं नाही. प्रत्येक घरानं आपल्या सगळ्या सामानावर कागदाची चिठ्ठी चिकटवली आणि वस्तू वापरली की चिठ्ठी काढली. दोन महिन्यांनी चिठ्ठी उरलेल्या वस्तूंचे तीन ढीग केले: द्यायच्या, बाहेरच्या कोठीत ठेवायच्या, सगळ्यांत मिळून एकच पुरेल अशा. तिसऱ्या ढिगात नऊ शिड्या आणि सात ड्रिल मशीन निघाली.

काय केलं

एकट्यांसाठी २६ चौरस मीटरची पाच घरं, जोडप्यांसाठी ३४ ची तीन, आई आणि मुलांसाठी ३७ चं एक. सामाईक घर ८५ चौरस मीटर: मोठं स्वयंपाकघर आणि चौदा माणसं बसतील असं टेबल, दोन वॉशिंग मशीन, कपडे वाळवायची खोली, कामाचं बाक, चाकाची खुर्ची वळेल एवढी न्हाणी. प्रत्येक घरामागे चार चौरस मीटरची कुलूपबंद कोठी. पाहुण्यांची खोली वेगळी बांधलीच नाही. ते पहिलं चाकांवरचं घर दुरुस्त करून आवारातच ठेवलं. महिन्यातून चार-पाच रात्रींच्या वापराला त्याची हवा पुरते, आणि पोटमाळ्याऐवजी खाली घडीचा पलंग आहे.

चिकणमाती पावसात फुगते, उन्हात आकसते. उथळ पाया तिच्याबरोबर हलतो. म्हणून प्रत्येक घराखाली स्क्रूसारखे पिळून बसवायचे १२ लोखंडी खांब १.८ मीटर खोल घातले आणि जमिनीचा लाकडी सांगाडा ४५० मिलिमीटर उंच उचलला. खोदाई नाही, काँक्रीट वाळायची वाट पाहणं नाही, आणि पाइप पुढेही हाताला लागतात. एक गोष्ट चुकली: खालून लावलेली जाळी १२ मिलिमीटरच्या भोकांची होती. उंदराला सहा-सात मिलिमीटरची फट पुरते. पहिल्याच वर्षी चार घरांखालचा उष्णतारोधक थर कुरतडला गेला. जाळी काढून सहा मिलिमीटरहून बारीक भोकांची लावली, आणि पाइप जिथून वर जातात तिथल्या फटी तारेचा काथ्या ठासून बुजवल्या.

अग्निशमन दलानं दोन मापं मागितली. गाडीसाठी ३.७ मीटर रुंद रस्ता, आणि गाडी उभी राहते तिथून कुठल्याही घराचा शेवटचा कोपरा पाइपाच्या वाटेनं ४५ मीटरच्या आत. यामुळे घरांची मांडणी दोनदा बदलली. घरांमधलं अंतर तीन मीटर ठेवलं. समोरासमोर खिडक्या येऊ नयेत म्हणून प्रत्येक घराची एक बाजू उघडी आणि शेजाऱ्याची तिच्याकडची बाजू मिटलेली, म्हणजे तिथे फक्त उंचावरच्या झडपा. तीन मीटरवर हे केलं नाही तर दोन्ही घरांचे पडदे कायमचे ओढलेले राहतात.

हवेकडे या वेळी पहिल्या दिवसापासून लक्ष दिलं. भिंतीच्या आतल्या बाजूला अखंड बाष्परोधक पडदा, त्याचे सांधे टेपनं बंद, आणि लोखंड कुठेही आतून बाहेर आरपार नाही. माणशी सेकंदाला सात-आठ लिटर ताजी हवा, अखंड, उष्णता राखणाऱ्या पंख्यांच्या जोडीनं: एक पंखा मिनिटभर हवा बाहेर टाकतो तेव्हा त्यातली चिनी मातीची जाळी गरम होते, मग दिशा उलटते आणि तीच उष्णता आत येणाऱ्या हवेला मिळते. न्हाणीतला पंखा हवा ६० टक्क्यांवर दमट झाली की आपोआप सुरू होतो. आतल्या दारांखाली दहा मिलिमीटरची फट, नाहीतर पंखा हवा ओढणार कुठून? पलंगाला फळ्यांची जाळी आणि गादी भिंतीपासून चार बोटं लांब. चुलीसाठी गॅस नाही, इंडक्शन.

तरी एक खोट राहिलीच. तीन घरांत पंखा उशाजवळ आला. त्याचा आवाज दिवसा जाणवत नाही, पण रात्री साडेतीन मीटरच्या खोलीत तो कानाशी असतो. लोक झोपताना बटण बंद करू लागले, म्हणजे नेमकी जेव्हा गरज तेव्हाच हवा बंद. ते पंखे दुसऱ्या भिंतीत हलवले आणि एक माप मोठे घेऊन मंद गतीवर ठेवले. नंतर कुणी बंद केले नाहीत.

सांडपाण्याची गोष्ट

मुख्य नळ ११० मिलिमीटरचा, लांबी ९५ मीटर, उतार ८० ला १. म्हणजे दोन टोकांमध्ये १.१९ मीटरचा फरक. जमीन एक मीटर उतरत होती, त्यामुळे वरच्या टोकाला ४५ सेंटिमीटर खोलीवर सुरू झालेला नळ खाली ६४ सेंटिमीटरवर पोचला. प्रत्येक वळणावर आणि जास्तीत जास्त ३० मीटरवर चेंबर. कागदावर सगळं बरोबर.

राहायला गेल्यावर आठ महिन्यांत वरच्या टोकाचा नळ तीनदा तुंबला. चेंबर उघडलं तेव्हा पहिल्या घरापासून २० मीटरवर कागद आणि मैला वाळत पडलेला दिसला. नळ कुठे फुटला नव्हता, दबला नव्हता, उतारही बरोबर होता. कमी होतं ते पाणी. त्या टोकाला एकट्या माणसाचं घर. दिवसाला सहा फ्लश, प्रत्येकी साडेचार लिटर, म्हणजे २७ लिटर. एवढं पाणी ११० मिलिमीटरच्या नळात पातळ पसरतं, मैला थोडा पुढे नेतं आणि त्याला मागे टाकून स्वतः निघून जातं. मोठ्या घरात आंघोळ आणि धुणं यांचं पाणी मागून येऊन तो ढकलतं. इथे धुणं घराबाहेर काढलेलं, आणि सामाईक घर अजून बांधायचंच होतं.

सामाईक घर मूळ आराखड्यात खालच्या टोकाला, फाटकाजवळ होतं. या तीन तुंबण्यांनंतर ते वरच्या टोकाला नेलं. दोन वॉशिंग मशीन, दिवसाला पाच-सहा घाणे, एका घाण्याला साधारण ५० लिटर पाणी दोन-तीन लोंढ्यांत. तो लोंढा आता संपूर्ण नळ धुऊन काढतो. ती मशीन चालू झाल्यापासून चेंबर तुंबल्यामुळे उघडावं लागलेलं नाही.

सामाईक घर शेवटी बांधणं ही या प्रकरणातली सगळ्यात महाग चूक. कारण समजण्यासारखं होतं: प्रत्येकाला आधी डोक्यावर छप्पर हवं होतं. पण लहान घर हे सामाईक घराच्या भरवशावर लहान केलेलं असतं. आठ महिने ओले कपडे २६ चौरस मीटरात वाळले. पिळलेल्या कपड्यांच्या एका घाण्यातून दोन लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. इतकी काळजी घेतलेल्या घरांपैकी दोन घरांत कपाटामागे पुन्हा बुरशी आली.

करारातले मुद्दे

जमीन आणि सामाईक घर सहकारी संस्थेच्या ताब्यात, राहतं घर सभासदाचं. कर्ज संस्थेनं एकत्र काढलं. सोडून जाणाऱ्यानं घर संस्थेनं ठरवलेल्या सूत्रानं विकायचं, आधी प्रतीक्षा यादीतल्या माणसाला. भाडेपट्टा संपल्यावर घरांचं काय, हे कलम सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात जास्त वाद होऊन लिहिलं गेलं: नूतनीकरण झालं नाही तर मालकानं घरांची ठरावीक पद्धतीनं काढलेली किंमत द्यायची, नाहीतर खांबांसकट ती उचलून न्यायला वर्षभर मुदत द्यायची. खांब पिळून काढता येतात हा इथे पुन्हा उपयोगी पडलेला गुण.

प्रत्येक प्रौढानं महिन्याला चार तास सामाईक काम करायचं. आकडा चारच का? सहा ठरवले तेव्हा तिघांनी दुसऱ्याच महिन्यात टाळाटाळ सुरू केली.

परिणाम

पहिल्या बैठकीपासून शेवटचं कुटुंब राहायला येईपर्यंत चार वर्षं आणि दोन महिने गेले. त्यातले १४ महिने चाकांवर. नंतरच्या दोन वर्षांत एक जण नोकरीसाठी गेला, घर सूत्रानुसार विकलं गेलं. बाकी आठ कुटुंबं तिथेच आहेत. घरांमधली दमटपणाची नोंद बहुतेक दिवस ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान राहते. सामाईक टेबलावर आठवड्यातून दोनदा एकत्र जेवण होतं. कपडे वाळवायच्या खोलीवरून मात्र अजून कुरबुर आहे. दहा चौरस मीटर बारा प्रौढ आणि दोन मुलांना पुरत नाही.

खरी ओढाताण आईच्या घरात झाली. राहायला आली तेव्हा मुलगी नऊ वर्षांची होती. बारा पूर्ण झाल्यावर तिला दार लावून बसायला जागा हवी होती, आणि ३७ चौरस मीटरात पडद्यापलीकडे काही नव्हतं. परवानगीत घराचं कमाल माप ३७ च लिहिलेलं, कारण गटानं संहितेतला आकडा जसाच्या तसा अर्जात टाकला होता. शेजारी नऊ चौरस मीटरची सुटी खोली उभारायला परवानगी बदलून घ्यावी लागली. त्यात सात महिने गेले. तेवढे महिने ती मुलगी अभ्यासाला सामाईक घरातल्या कामाच्या बाकावर, करवतीच्या शेजारी बसायची.

वेगळं काय करता आलं असतं

नियोजन विभाग, अग्निशमन दल आणि कर्ज देणारी संस्था या तिघांना पहिल्याच महिन्यात लेखी प्रश्न विचारले असते, तर तीन ट्रेलर घेतले गेले नसते. दोन नंतर तोट्यात विकले.

जोडघरांचा विचार फारच लवकर सोडला गेला. पाच गुणिले सहाची दोन घरं सहा मीटरच्या भिंतीनं जोडली तर प्रत्येकाची १८ चौरस मीटर बाहेरची भिंत वाचते आणि ते ४.२ चं प्रमाण ३.६ वर येतं. मधली भिंत तासभर आग थोपवणारी आणि दुहेरी सांगाड्याची करावी लागली असती. तरी एकट्यांच्या पाचपैकी चार घरांना ते सहज जमलं असतं.

परवानगी मागताना प्रत्येक घरामागे एका सुट्या खोलीची तरतूद लिहून घ्यायला हवी होती, बांधायची असो वा नसो. माणसं वाढतात, म्हातारी होतात, आजारी पडतात. २६ चौरस मीटरला ते सामावायला कोपरा नसतो.

आणि बांधकामाचा क्रम उलटा हवा होता: आधी नळ आणि रस्ता, मग सामाईक घर, मग घरं. सामाईक घर आधी असतं तर बांधकामाच्या दिवसांत सभासदांनाच तिथे पाळीपाळीनं राहता आलं असतं, बाहेरचं भाडं वाचलं असतं, आणि वाळवायच्या खोलीला दहा चौरस मीटर पुरत नाहीत हे घरांच्या भिंती उभ्या राहायच्या आधीच कळलं असतं. आता ती खोली वाढवायचा अर्ज तयार होतो आहे, या वेळी १६ चौरस मीटरसाठी, आणि सोबत दोन जादा सुट्या खोल्यांची मागणीही त्याच अर्जात घातली आहे.